छप्पर

चिरलेल्या बांबूचा वास आला की अमडापूरचं आमचं अंगण आठवतं. नवी दमणी, म्हणजे बैलांची हलकी सवारीगाडी, दारात उभी होती. "छप्पर काढा, बैल वाऱ्यावानी पयतीन," काका म्हणाला. "मंग बाया काय उघड्यावर बसतीन बे?" बाबा गरजले. काकाने चाबूक हाणला. बाबांची भुवई फाटली, रक्त चाकावर उडालं. तेवढ्यात काकू कुऱ्हाड घेऊन धावली आणि घावावर घाव घालत तिने ते बांबूचं छप्परच फोडलं. "लगन झाल्यापासून छपरात कोंडून नेता मले. माहेरचा रस्ता अजून पाह्यला नाही मी!" परवा नातवाच्या नव्या स्पोर्ट्स कारमध्ये मागे बसले. "आजी, पळते कशी बघ!" तो म्हणाला. मागच्यांना खिडकीच नव्हती. माझा हात कुऱ्हाड शोधत होता.