देवघरातलं मांसाहारी झाड

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी मांसाहार केला नव्हता. तो पहिला मान दोन बोटं उंचीच्या एका झाडाने पटकावला, आणि ते झाड घरात मी आणलं.

झालं असं, की जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये चिलटांनी उच्छाद मांडला होता. केळ्यांवर चिलटं, चहाच्या गाळणीवर चिलटं! मी मोबाइलवर शोधाशोध करून दवबिंदू नावाचं कीटक खाणारं रोप मागवलं. (बायको महानंदा म्हणाली होती, "अहो, फडकं मारलं तरी जातील." पण फडक्यात विज्ञान कुठं असतं!) इवली गोल पानं, त्यांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की चिकटलंच. मग पान सावकाश त्याच्यावर मिटायचं.

अडचण एकच होती, माझी आई. आम्ही तिला अव्वा म्हणतो. कपाळावर विभूती, दर सोमवारी कडक उपवास, आणि वाढदिवसाच्या केकलाही "ह्यात अंडं न्हाय न्हवं?" असं विचारल्याशिवाय हात न लावणारी.

"एन इदु? काय आणलंस हे, बसू?" तिने विचारलं. (अव्वाला संशय आला की ती आधी कन्नडमध्ये शिरते.)

"औषधी आहे, अव्वा. लई गुणकारी!"

हे काही अगदीच खोटं नव्हतं. गुण चिलटांना येत होता, एवढंच.

"आन् पाणी बॅटरीचं का घालतोस?"

"नळाचं सोसत नाही त्याला. क्षार असतात त्यात."

"आमी जल्मभर तेच पितोय की! झाड हाय का स्कूटर?"

पण दोन दिवसांनी अव्वाने त्यावरचे थेंब पाहिले. भर दुपारी खिडकीचे गज हात लावू देत नव्हते आणि झाडावर दव जसंच्या तसं! अव्वाने हात जोडले. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर कुंडी थेट देवघरात! तिच्यावर विभूतीचे तीन पट्टे, शेजारी बेलाचं पान आणि समोर दर्शनाला आलेल्या शेजारच्या काकू.

"त्यातला एक थेंब गुडघ्याला लावू का हो?" काकूंनी विचारलं.

"लाव की!" अव्वा म्हणाली.

"नको!" मी ओरडलो. "म्हणजे... ऊन लागतं त्याला."

तेव्हापासून कुंडी रोज सकाळी घंटा वाजवत बाल्कनीत जायची आणि संध्याकाळी आरतीला परत यायची. देवापुढच्या केळ्यांवरची चिलटं खाऊन झाड चांगलं गुटगुटीत झालं. "बघ, पूजा पावतीय त्याला," अव्वा म्हणायची. खरं सांगायची माझी हिंमत होईना.

मग श्रावणातला सोमवार आला. आमचे गुरू, जंगम स्वामी, पाद्यपूजेला घरी आले होते. देवापुढे हुग्गी, म्हणजे आमची गव्हाची खीर, ठेवलेली. तिच्या वासाने एक बारकी माशी आली, खिरीवर घिरट्या घालून नेमकी झाडावर बसली आणि अडकली!

"अय्यो, बिचारी!" अव्वा उदबत्तीची काडी घेऊन तिला सोडवायला धावली. महानंदाला राहवेना.

"अव्वा, असू द्या. जेवतंय ते."

"कोण जेवतंय?"

"झाड."

"काय?"

"माशी."

अव्वाने काडी खाली ठेवली आणि ती माझ्याकडे वळली.

"अरे बसू! देवघरात मांस खाणारं? एक तर हे राहील, न्हायतर मी! चालले मी वैरागला लेकीकडं!"

ती खरोखरच पिशवी काढायला उठली. झाडाला मी तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं, आणि अव्वाविना घराची तर कल्पनाही सहन होईना. मी केविलवाण्या तोंडाने स्वामींकडे पाहिलं. ते वाकून झाड न्याहाळत होते.

"अव्वा, ह्याला कुणी केलं?"

"शिवानं," अव्वा घुश्शातच म्हणाली.

"मग जेवणबी त्यानंच लावून दिलं असंल की."

अव्वा थांबली. स्वामींचा शब्द मोडता येईना, आणि हार मानणं तर तिच्या रक्तातच नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पण देवघरात न्हाय, खिडकीत. आन् माझ्या घरात ऱ्हायचं तर सोमवार पाळावा लागंल!"

तेव्हापासून दर सोमवारी झाडावर पिठाची चाळणी पालथी पडते. पहिल्या सोमवारी मी पोट धरून हसलो. ते हसू पुढच्याच सोमवारपर्यंत टिकलं.

"एवढंसं झाड उपाशी ऱ्हातंय," अव्वा माझी ताटली उचलत म्हणाली, "आन् तुला काय धाड भरली?"

आता सोमवारी चाळणीच्या आत ते उपाशी, बाहेर मी. मंगळवारी सकाळी चाळणी निघते, पोटात कावळे ओरडत असतात, मी भाकरीला हात घालतो आणि अव्वा हातावर चापट मारते.

"थांब की! आधी त्याला खाऊ दे."

आणि त्या झाडाचं काम इतकं चोख, की आमच्या घरात आता औषधालाही चिलट सापडत नाही!