आत्याबाईंची शिष्टाई

आमच्या शिवणाच्या कारखान्यात एक रीत होती. माप घेणारा आकडा मोठ्यानं सांगायचा, लिहिणारा तो तसाच परत म्हणायचा, आणि सांगणाऱ्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय पेन्सिल कागदाला लागायची नाही. आधी सासरे सांगत आणि त्यांची बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, लिहीत. पुढे आत्याबाई सांगू लागल्या आणि थोरले भाऊजी लिहू लागले, ते अगदी शाळेत असल्यापासून. कापड बेतायच्या मात्र आत्याबाईच. त्यांच्या कात्रीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा मी तिनं कागद कापला, तर दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

सासरे आजारी पडले तेव्हा त्यांची खाट बेतायच्या टेबलाशेजारीच टाकली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी ते माप सांगावं तसं म्हणाले, "निम्मं थोरल्याचं, निम्मं धाकट्याचं." आत्याबाईंनी परत म्हणून दाखवलं. ते "बरोबर" म्हणाले. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

महिन्याभरात थोरल्या भाऊजींनी कुलूप बदललं. धाकटा म्हणजे माझा नवरा. तो जुनी किल्ली घेऊन दारापर्यंत गेला आणि मुकाट्यानं परत आला. मी असते तर दार फोडलं असतं.

आत्याबाई शिष्टाईला उभ्या राहिल्या. त्या कारखान्यावरच्या खोलीत राहायच्या. जेवणखाण, औषधपाणी सगळं भाऊजींकडेच. त्यांचा पाय मोडला तेव्हा भाऊजींनीच त्यांना पाठुंगळी घेऊन जिना चढवला होता, हे मीही नाकारणार नाही. पहिल्या खेपेला त्यांनी निम्मं मागितलं. दुसऱ्या खेपेला बारा मशीनपैकी पाच. तिसऱ्या खेपेला नुसता खिडकीजवळचा कोपरा.

"कोपरा राहू दे, आत्या," भाऊजी म्हणाले. "एक सुईसुद्धा नेऊ देणार नाही."

"अरे, दुर्योधनानंही सुईचंच नाव काढलं होतं. तुला निदान दुसरं काही सुचायचं."

भाऊजी हसले नाहीत. "सोमवारी वकिलांकडे जायचंय. बाबा काही बोलले नाहीत, एवढंच सांग. खोली मरेपर्यंत तुझी. नाहीतर तुझं तू बघ."

रविवारी दुपारी मी आत्याबाईंना भेटायला गेले. त्या कात्रीला तेल देत होत्या. सत्तरीच्या बाईला खोली सोडा म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार? मी म्हटलं, "तुम्ही गप्प राहिलात तरी आम्ही मनात धरणार नाही." खोटं बोलले. मी नक्की धरलं असतं.

"भीष्म गप्पच राहिले होते," आत्याबाई म्हणाल्या. "ज्याचं खाल्लं त्याच्या बाजूनं लढले आणि बाणांवर पडल्यावर धर्म सांगत बसले. मला नाही बाई जमायचं. माझी पाठ आधीच दुखते." मग कात्री फडक्यात गुंडाळत म्हणाल्या, "तुमच्याकडे बेतायला टेबल आहे का गं?"

"जेवायचं आहे."

"चालेल."

पुढे भाऊजींनी दावा लावलाच, तो अजून चालू आहे. पण मला सोमवारचंच सांगायचंय.

वकिलांच्या ऑफिसात दोघे भाऊ दोन टोकांना बसले होते. भाऊजींची मान खाली होती. वकिलांनी विचारलं, "वाटणीबद्दल तुमचे भाऊ काही बोलले होते का?"

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. कारखान्यात बारा मशीनच्या आवाजावर चढवायच्या, तोच आवाज लावून म्हणाल्या, "निम्मं थोरल्याचं, निम्मं धाकट्याचं."

"निम्मं थोरल्याचं, निम्मं धाकट्याचं," भाऊजी म्हणाले.

तोंडून निघून गेलं, मग त्यांना कळलं. वकील त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बरोबर," आत्याबाई म्हणाल्या, आणि कात्रीची पिशवी उचलून आमच्या बाजूला येऊन बसल्या.