कबरीवरची शेवंती

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. पण नोव्हेंबरात मार्केट यार्डातून शेवंती आणली की तिच्या वासानं सगळं आठवतंच. कॉलेजात मी प्राचीन ग्रीकांचं स्टोइक तत्त्वज्ञान शिकवायचो. माझ्या ख्रिस्ती सहकाऱ्याची पत्नी गेली, त्या वर्षी मृतांच्या स्मरणदिनी आम्ही दोघं तिची कबर धुवायला गेलो. ओल्या दगडावर फुलं मांडता मांडता तो रडू लागला. मी म्हणालो, "अहो, जे आपल्या हातात नाही त्याचं दुःख करू नये, असं स्टोइक सांगतात. आणि तुमचा तर पुनरुत्थानावर विश्वास. मग रडता कशाला?" त्यानं डोळे पुसले. "सर, मेलेल्या मित्राला आपण पुन्हा जिवंत उठवणार, हे येशूला ठाऊक होतं. तरी तो आधी रडलाच." मग पेटती मेणबत्ती माझ्याकडे देत म्हणाला, "धरा, वारा आहे. एवढं जमेल तुमच्या स्टोइकांना." पुढे माझी पत्नी गेली, तेव्हा तो आला आणि माझ्याआधी रडला. आता तोही नाही; त्या नवराबायकोच्या शेजारशेजारच्या कबरी मी धुतो, फुलं मांडतो, ओंजळीत ज्योत सांभाळत पोटभर रडतो आणि हलका होऊन घरी येतो. "त्या दिवशी माझं चुकलं," एवढं मात्र तो असताना म्हणायचं राहूनच गेलं.