केरबा आचारी ब्राउझर कामाला ठेवतो
केरबा आचाऱ्याच्या तांबड्या रश्श्याला कागलपासून गारगोटीपर्यंत मागणी. जावळ असो, घरभरणी असो, नाहीतर निवडून आलेल्या सरपंचाचा आनंद असो, केरबाचं पातेलं चुलीवर चढलं की पाहुणे वेळेआधी येतात आणि हलायचं नाव घेत नाहीत. असा हा माणूस दिवाळीपासून घरी ताकभात खात होता.

डॉक्टरांनी जठरात अल्सर सांगितला होता. "तिखट बंद," म्हणाले. केरबानं विचारलं, "चाखायला तरी?" डॉक्टरांनी मान हलवली, तीसुद्धा आडवी. आता कोल्हापूरच्या आचाऱ्याला तिखट सोसत नाही ही बातमी फुटणं म्हणजे पैलवानाला मातीची ॲलर्जी निघण्यासारखं. ऑर्डरी गेल्याच म्हणायच्या. त्यामुळं ही गोष्ट बायको बायडाबाईशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

अल्सर कधी बरा होतो, हे केरबाला मोबाईलवर शोधायचं होतं. पण भीती मोबाईलचीच. बायडाबाईनं एकदा त्यावर मिक्सर बघितला, तर पुढं कितीतरी दिवस काहीही उघडलं की मिक्सर. आणि त्याच फोनवर केरबा गिऱ्हाइकांना जेवणावळींचे व्हिडिओ दाखवायचा. उकळत्या रश्श्याच्या खाली पित्ताच्या औषधाची जाहिरात आली तर?

भाची अनुजा गारगोटीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. सुट्टीला आली तशी केरबानं तिला परड्यात गाठलं.

"अनू, एका माणसाला मोबाईलवर कायतरी गुपचूप बघायचं हाय. माझ्या वळखीतला हाय."

"काय बघायचं हाय मामा तुम्हाला?"

"मला न्हाय गं! त्या माणसाला!"

अनुजानं हसू दाबलं आणि मामाच्याच फोनवर एक नवा ब्राउझर घातला. "हा तुमच्या पाळतीवर असणाऱ्यांना अडवतो. तुम्ही काय बघितलं ते कंपनी साठवून ठेवत न्हाय, असं ती म्हणते."

नवा गडी कामाला ठेवताना करायचा तशीच चौकशी केरबानं सुरू केली.

"पगार किती घेतो?"

"फुकट हाय."

"फुकट? फुकट राबणारा गडी म्या कधी ठिवला न्हाय पोरी. त्यो जाताना मटणाचा डबा भरून नेतोच. ह्यो काय नेतो?"

"असल्या ब्राउझरातलं कुणी जाहिराती दाखवून मिळवतं, पण तुमची कुंडली न काढता. कुणी देणगीवर चालतं. आणि ह्यानं आपलं आतलं सगळं वाटण, म्हंजे प्रोग्रॅम, उघडं ठेवलंय. जाणकार कुणीबी तपासू दे."

वाटण उघडं ठेवतो म्हटल्यावर केरबाच्या नजरेतून तो ब्राउझर जरा उतरलाच. स्वतःचा मसाला तो घरून पुडीत बांधून न्यायचा आणि पातेल्यात टाकताना सगळ्यांकडं पाठ करायचा.

"म्हंजे इश्वास ठिवू?"

"बऱ्यापैकी ठेवा. पण तुम्हीच कुठं नाव-नंबर दिलात, तर तो बिचारा काय करणार?"

"नंबर द्यायला म्या काय खुळा हाय व्हय?"

ब्राउझरनं काम चोख केलं. केरबानं रोज अल्सर शोधला आणि रोज रश्श्याचे व्हिडिओ उघडून बघितले. एक जाहिरात आली नाही. गड्यावर भरवसा बसला. मग एका दुपारी कुठल्याशा साइटवर दिसलं, 'अल्सर कायमचा घालवा, आमचे तज्ज्ञ फोन करतील,' आणि खाली नाव-नंबर टाकायची जागा. केरबाला वाटलं, ब्राउझर गुपचूप आहे, म्हणजे नंबरही गुपचूपच जाणार. टाकला.

दुसऱ्या दिवशी कागलचा उदयसिंह नातवाच्या जावळाचं जेवण ठरवायला आला. ऑर्डर मोठी. केरबा सोप्यात बसून मसाला कालवत होता, दोन्ही हात मनगटापर्यंत लालभडक. फोन वाजला.

"दादा, तेवढा उचलून स्पीकरवर टाका की," केरबा ऐटीत म्हणाला. "दुसरी ऑर्डर असंल."

उदयसिंहानं टाकला.

"नमस्कार, केरबा सर बोलताय का? तुमच्या अल्सरसाठी फोन केलाय. सर, तिखट खाणं बंद केलंय ना?"

केरबाचा हात मसाल्यातच राहिला.

"केरबा," उदयसिंह म्हणाला, "तू तिखट खाईत न्हाईस?"

"दिवाळीपासनं," केरबा मसाल्यालाच सांगितल्यासारखं बोलला.

"आरं, मग शिमग्यात आमच्या थोरल्याच्या घरभरणीचा रस्सा केलतास, त्यो न चाखताच?"

"चाखला की. म्या न्हाय, बायडीनं."

त्या दिवशी उदयसिंह वाटीवर वाटी प्यायला होता आणि शेवटी पातेल्यापाशीच जाऊन उभा राहिला होता. ते त्यालाही आठवलं असावं. तो आतल्या दाराकडं वळला. तिथं बायडाबाई उभी होती.

"वैनी, जावळाला तुमी येणार न्हवं?"

"यायलाच लागंल की. ह्यांच्या जिभंवर सोडलं तर पावण्यास्नी ताक वाढतील."

"मग ऑर्डर पक्की. पण पातेल्याम्होरं वैनी. केरबा, तू मागं."

केरबानं श्वास सोडला. फोन अजून चालूच होता. "सर, ऐकताय ना? औषध पाठवू का?"

उदयसिंहानं इकडंतिकडं बघितलं, फोनवर वाकला आणि आवाज बारीक केला. "बाई, हे जळजळीवर बी चालतं का? आमच्या एका पावण्याला लई तरास हाय. नंबर लिवून घ्या, अठ्ठ्याण्णव..."

"दादा!" केरबा ओरडला आणि मसाल्याचा अख्खा पंजा त्यानं फोनवर आपटला. "नंबर देऊ नका!"

फोन बंद पडला. उदयसिंह मिशीवरचा मसाला पुसत राहिला.

"दादा," दारातून बायडाबाईनं विचारलं, "तुमच्या त्या पावण्याला ताक आणू का पेलाभर?"