वरणफळाची उत्क्रांती

"कोनं फोडला बे माहा पट्टकृमी? कोनं?"

जीवशास्त्राचे सर इतक्या जोरात ओरडले की भिंतीवरच्या तक्त्यातला सांगाडा स्वतःच्या बरगड्या सावरू लागला. बारावीचा अख्खा वर्ग एका दमात माझ्याकडे वळला. मैत्री म्हणतात ती हीच.

मी काही फोडला नव्हता, तो निसटला होता. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर म्हणून मी प्रयोगशाळा पुसत होते. माणसाच्या आतड्यात राहणारा हा गृहस्थ तोंड कुठल्या बाजूला करून बसलाय ते बघायला बरणी खिडकीपाशी उन्हात धरली, एवढंच. बरणी बाहेर पडून फुटली आणि खिडकीखालच्या कोंबडीनं साडेतीन हात लांबीचा ऐवज एका घासात गिळला. ती कोंबडी पुढं मरेपर्यंत चोच वर करून चालायची.

"सोमवारी मलकापूरहून परीक्षक येऊन राह्यले," सर म्हणाले. "बरणीत किडा दिसला नाही, त तुह्ये मार्क गेले समज."

मार्क गेले की माझं नर्सिंग गेलं. नर्सिंग गेलं की उरला मामानं पाहून ठेवलेला नवरदेव, आणि त्याच्यापेक्षा पट्टकृमी बरा दिसायचा.

घरी आई वरणफळं करत होती. पोळी लाटायची, पट्ट्या कापायच्या, उकळत्या वरणात सोडायच्या. तिनं पुस्तकातलं चित्र डोळे बारीक करून पाहिलं.

"काऊन रडतं वं? हे त वरणफळच आहे."

तिनं हातभर पट्टी लाटली, करंजीच्या कातणानं खंड पाडले, डोक्यावर मोहरी दाबून चार खळगे केले आणि उकळून काढली. इतका देखणा पट्टकृमी देवालाही जमला नसता. सरांनी तो पाण्याच्या बरणीत सोडला आणि झाकण घट्ट लावलं.

सोमवारी सकाळी पहिल्या तुकडीनं नमुना ओळखला: पट्टकृमी. दुपारपर्यंत तो फुगला. दुसऱ्या तुकडीनं लिहिलं: जळू. चार वाजता शेपूट विरघळत आलं, डोकं टरटरलं. तिसऱ्या तुकडीतल्या हुशार पोरींनी लिहिलं: बेडकाचं पिल्लू. निसर्गाला ज्याला कोट्यवधी वर्षं लागली, ते आमच्या कणकेनं जेवणाच्या सुट्टीसकट एका दिवसात उरकलं. आणखी एक तुकडी असती तर त्यानं बाहेर येऊन हजेरी दिली असती.

मी तिसऱ्याच तुकडीत. पट्टकृमी लिहावं तर तसं काही दिसत नाही, बेडूक लिहावं तर हात उचलत नाही. शेवटी लिहून टाकलं: 'गहू. एकबीजपत्री वनस्पती.'

परीक्षकांनी ते तीनदा वाचलं. झाकण उघडून वास घेतला, तुकडा काढून बोटांत चोळला. सर खिडकीतून कोंबडी शोधू लागले.

"सकाळपासून पह्यलं बरोबर उत्तर," परीक्षक म्हणाले आणि मला पूर्ण गुण दिले. मग सरांकडे वळून हळूच, "वरण कुठी ठेवलं?"

मी घरापर्यंत पळतच आले. "आई! अख्ख्या शाळेत मी एकटीनं बरोबर ओळखलं! गहू!"

आई भाकरी थापत होती. तिनं मानही वर केली नाही.

"गहू सरत आले होते. अर्धी ज्वारी होती त्यात."