नाव न घेता नंबर

लातूरला आमचं ऑफिस क्लासच्या गल्लीत. रस्त्यावर टॉपर पोरांचे फोटो, वरच्या मजल्यावर आम्ही त्याच क्लासच्या वेबसाइट बनवायचो. सगळं गरगर फिरणारं, बारीक अक्षरातलं. मग एका दवाखान्याचं काम आलं: म्हाताऱ्या माणसांना घरबसल्या नंबर लावता यावा. अक्षर मोठं करा म्हणून मी भांडले, ते आमच्या ऑफिसच्या सरांनी ऐकलं. टायपिंग नको, पेशंटचं नाव फोनमध्ये बोलायचं, ही मात्र सरांची आयडिया. त्यावर ते लई खूश होते.

हे जमतंय का बघायला मी माझ्या मायलाच धरलं. ती निलंग्याला. लकव्यानं वडलांची वाचा गेलेली, आणि दर वेळी नंबरासाठी तिला शेजाऱ्यांच्या दारात उभं राहावं लागायचं. त्याचा तिला भारी राग. मी लावते म्हटलं तर तेही नको. तिला स्वतःलाच लावायचा होता.

फोन म्हणाला, पेशंटचं नाव सांगा. माय गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. शेवटी 'आवाज आला नाही' म्हणून सगळं बंद झालं. आता बोला! तिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही.

सर हसले. एकदा नाव घ्यायला काय जातं, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. तरी मायला विचारून पाहिलं.

"भूकंपात घर पडलं तवा समदे नावानं हाका मारीत होते," ती म्हणाली. "मी तवाबी 'अवो' म्हणूनच वरडले, आन् त्यांनी आतून ओ दिली. तुझ्या फोनसाठी घेऊ व्हय नाव?"

मी स्वतः नवऱ्याला नावानं हाक मारते, भांडताना तर आडनावासकट. ते माझं. मायनं काय करावं हे सांगणारा फोन कोण? सरांना तोंडावर सांगितलं, बाई बदलणार नाही, वेबसाइट बदलेल. नसेल जमत तर माझी खुर्ची दुसऱ्याला द्या. अशा बाया निलंग्यापासून कंधारपर्यंत घरोघर आहेत. सर दोन दिवस फुगून बसले, मग हो म्हणाले. आता घरच्यांचे फोटो एकदा टाकून ठेवायचे, आणि ज्याचा नंबर लावायचा त्याच्या फोटोवर बोट ठेवायचं.

मी निलंग्याला गेले. वडील खाटेवर, माय शेजारी. फोनवर वडलांचा मोठा फोटो आला. तिचं बोट फोटोच्या वरच थांबलं, तसा माझा हात पुढं गेला. तिनं तो बाजूला सारला.

"तू हात लावू नको," माय म्हणाली. "माझ्या माणसाचा नंबर हाय, मीच लावीन."