गिटारची अंघोळ

आमच्या घरात बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूला अंघोळ होती. नवी कळशी, बोहारणीकडून घेतलेली परात, कोरं लुगडं, सगळ्यांवर आधी पाणी पडायचं आणि मगच ती माजघरात जायची. ही शिस्त अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते तुळजापूरचे उपाध्ये. पहाटे देवीचा अभिषेक, दुपारी यजमानांचे नैवेद्य, आणि उरलेल्या वेळात घर शुद्ध ठेवणं. यांचा अर्धा जन्म पाण्यातच गेला, असं मी आईला म्हणायचो. ती हसायची, पण तोंडाला पदर लावून.

फक्त माझी गिटार बिनअंघोळीची होती, कारण तिला घरात घेतलेलंच नव्हतं.

निजाम गेला, जिल्हा मुंबई राज्यात आला, त्या सुमारास मी मॅट्रिकनंतर सोलापूरला शिकायला होतो. शिकलो काय, तर हवाईयन गिटार. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक म्हातारे उस्ताद होते, त्यांनी ती शिकवली आणि हात थकल्यावर आपली गिटार मलाच देऊन टाकली. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी वरून सरकवत न्यायची. स्वर तुटत नाही, गळ्यातून निघाल्यासारखा लांबत जातो. त्या लांबणाऱ्या स्वरासाठी मी वेडा झालो होतो, दुसरा शब्द नाही.

मी ती घेऊन गावी परतलो तेव्हा अण्णांनी तिला एकदा उलटीपालटी करून पाहिलं आणि म्हणाले, "ही भायेरच राहू दे. लाकडं सरसानं चिकटवल्यात. सरस कातड्याचा असतोय."

झालं. गिटार ओसरीपलीकडच्या खोलीत गेली, जिथं यजमान उतरायचे. ते नसले की मी तिथं बसून वाजवायचो, गावातल्या मेळ्याच्या गाण्यांना चाली लावायचो. एकदा जळकोटच्या शाळेच्या नाटकाला सगळं संगीत मी दिलं. अण्णा खोलीवरून जाताना मान वळवत नसत. उपाध्येपण पुढं चालवायला मी एकटाच होतो आणि माझं लक्ष तारांत होतं. आमच्यात भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही पंचांगापुरतंच उरलं.

मग एका वर्षी नवरात्राच्या सुरुवातीला मुंबईचे एक यजमान आले. सिनेमाच्या गाण्यांचा वाद्यवृंद बसवणं हा त्यांचा व्यवसाय, आणि आमची भवानी त्यांची कुलस्वामिनी. मी कोपऱ्यातली गिटार उचलून न्यायला गेलो, तर ते म्हणाले, वाजव. मी मला सुचलेली एक चाल वाजवली. त्यांनी तीच पुन्हा वाजवायला लावली. मग म्हणाले, आमचा गिटारवाला सोडून गेला आहे, दसरा झाला की ये, रेकॉर्डिंगला बसवतो, आणि ही चालही ठेव, कुठंतरी लागेल. वाद्य मात्र स्वतःचं आण, कारण या वाद्याचा आवाज मला हवा आहे.

दारात नैवेद्याचं ताट घेऊन अण्णा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्या दिवशी त्यांनी मला स्वतः वाढलं आणि मुंबईत राहणार कुठं, जेवणार कुठं, हे विचारलं. मला भूकच राहिली नाही. हातातोंडाशी घास आला होता आणि वाढणारे अण्णा होते.

खंडेनवमीला आमच्याकडं शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा. विळी, कोयता, पोथ्या, आईचं जातं, सगळी मांडामांड. मी सकाळीच यजमानांच्या गर्दीत देवळात अडकलो होतो. घरी आलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. आई म्हणाली, माळवदावर जाऊन बघ, तुझ्या अण्णांनी काय केलंय. ती इतकी खुशीत होती की मी दोन-दोन पायऱ्या चढत गेलो.

माळवदावर धूतवस्त्र अंथरलं होतं आणि त्यावर गिटार उन्हात वाळत पडली होती. अंगभर हळदकुंकू, खुंट्यांना झेंडूची माळ. अण्णा शेजारी सोवळ्यात बसून होते, कावळे येऊ नयेत म्हणून.

देवळातल्या कल्लोळ तीर्थाच्या पाण्याची घागर त्यांनी स्वतः वाहून आणली होती. आधी पंचगव्यानं शुद्धी, मग दूध, दही, तूप, मध, साखर, मग ऊन पाण्यानं स्नान. देवीला घालतात तसं, काही कमी न करता. पोटाच्या भोकातून आत गेलेलं पाणी तिला पालथं धरून काढलं होतं. ज्या सरसाचा त्यांना विटाळ होता, तो पाण्यानं सुटला होता. वरची फळी फुगून आली होती, तारांखालची घोडी एका बाजूनं उचलली होती आणि पाठीच्या सांध्यातून माझं बोट सहज आत गेलं.

"आता ती आपल्या घरातली झाली," अण्णा म्हणाले. "आता देवापुढं ठेवायला हरकत न्हाई."

मला ओरडावंसं वाटलं. त्यांच्या हातातला तांब्या हिसकावून खाली फेकावासा वाटला. पण ते माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. मी वाकून त्यांना नमस्कार केला. दुसरं काय करणार होतो?

दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं आणि मी पहिल्या गाडीनं सोलापूर गाठलं. उस्तादांनी गिटार कानाशी धरली, टिचकी मारली. मग म्हणाले, "लकडी पानी पी गई, बेटा." तरी त्यांनी सांधे चिकटवले, सुतळीनं आवळून बांधले, घोडी बसवली. वरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं.

मुंबईत त्या यजमानांनी मला प्रेमानं बसवलं. पंधरावीस वादक आपापली वाद्यं लावून तयार होते. मी कांडी सरकवली. स्वर निघाला आणि ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा जागीच बसला. पुन्हा छेडला, पुन्हा तेच. त्यांनी विचारलं, हिला पाऊस लागला का. मी हो म्हणालो. त्यांनी कुणाला तरी फोन करायला पाठवलं. थोड्या वेळानं दुसरा एक गिटारवाला आपली पेटी घेऊन आला आणि मी खुर्चीवरून उठलो. चहा पाजून निरोप देताना ते म्हणाले, चांगलं वाद्य मिळालं की ये. तसं वाद्य मला पुढं कधी मिळालं नाही, आणि त्यांची जागा काही माझ्यासाठी रिकामी राहणार नव्हती. माझी चाल अजून माझ्याकडंच आहे. शाळेत मास्तर झाल्यावर तिच्यावर मी प्रार्थना बसवली, पोरं ती बेसूर म्हणायची.

घरी परतलो तेव्हा अण्णा ओसरीवरच होते. काय झालं ते त्यांनी विचारलं. दुसरा माणूस मिळाला त्यांना, एवढंच मी सांगितलं.

"माझ्याच पूजेत काहीतरी कमी पडलं असंल," ते म्हणाले.

गिटार आता देवघरातच असायची. पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी पाट मांडला, तिच्या तारा हळूच उतरवून ठेवल्या आणि मागच्या वर्षीपेक्षा सावकाश, एकेक मंत्र स्पष्ट म्हणत स्नान घालायला बसले. या वर्षी दोन घागरी होत्या. पाणी संपत आलं तसा त्यांनी न बघताच हात मागं केला.

मी तांब्या भरून त्यांच्या हातात दिला.